ओठ शिवून झाला, दातांचं काय? गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस,
प्रत : संचालक, आरोग्य सेवा, संचालक, शिक्षण खाते

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी मुलगी दुभंगलेला ओठ आणि उघडी टाळू घेऊन जन्मली. आता ती हायस्कुलात जाते. आई म्हणून आणि पहिली-दुसरीच्या बाई म्हणून मी गेली कित्येक वर्षं मुलांची तोंडं फार जवळून पाहते आहे. त्यातून जे दिसलं ते आपल्यापुढे ठेवायचं आहे आणि एक मागणी करायची आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. गोव्यात ओठ किंवा टाळू दुभंगलेलं जे मूल जन्मेल, त्याचं नाव पहिल्या आठवड्यातच एका राज्यस्तरीय नोंदवहीत चढावं. त्या नोंदवहीची जबाबदारी एका ठरावीक माणसावर असावी. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या उपचाराची प्रत्येक पायरी वेळेवर होते आहे ना, हे त्या माणसानं पाहावं आणि एखादी तारीख चुकली तर घरी फोन करून विचारावं. यात दातांची तपासणीही आली. दातांचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण ओठाचं ऑपरेशन होतं, टाळूचंही बहुतेकदा होतं, आणि दात सगळ्यांच्या हातून निसटतात.

हे काम गोव्याच्या आवाक्यातलं आहे. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल असं जन्मतं. आपल्याकडचे वर्षाचे जन्म वीस हजारांच्या आसपास धरले तर ही मुलं वर्षाला वीस ते तीस भरतील. अठरा वर्षांपर्यंतची सगळी मुलं एकत्र मोजली तरी यादी साडेपाचशेच्या पलीकडे जायची नाही. एखाद्या बऱ्यापैकी हायस्कुलाच्या हजेरीपटावर एवढी नावं असतात आणि तिथले क्लार्क ती चोख सांभाळतात. मोठ्या राज्यांना ही यादी हजारोंच्या घरात सांभाळावी लागेल. आपल्याला प्रत्येक मूल नावानं ओळखता येण्यासारखं आहे.

सुरुवात जन्माच्या दिवसापासून करते.

माझी मुलगी झाली तेव्हा वॉर्डात पहिली गोष्ट निघाली ती ग्रहणाची. "गिराणांत कितें तरी कापलें आसतलें गे तुवें," शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीच्या सासूनं मला सांगितलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं जे ऐकलं होतं तेच ती बोलली. पण ते वाक्य घरापर्यंत आलं आणि बरेच महिने घरात राहिलं. गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर आजही पोटुशी बाई ग्रहणात सुरी, विळी हातात धरत नाही. पोटातल्या बाळाचा वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो आणि टाळू नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत. दिवस राहिल्याची खात्री पुष्कळ बायकांना तेव्हा कुठे होत असते. चेहऱ्याचे दोन बाजूंनी येणारे भाग मधोमध जुळायचे राहिले की फट राहते. त्यामागे आनुवंशिकता असते, फिटांवरची काही औषधं असतात, आईचा मधुमेह, तंबाखू, दारू, फॉलिक ॲसिडची कमतरता यांचाही वाटा असू शकतो. आणि अनेकदा एका कारणावर बोट ठेवताच येत नाही. आकाशातल्या सावलीचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि विळीचाही नाही.

हे सांगण्याचं काम एकट्या आईवर पडतं, आणि तिचं कोणी ऐकत नाही. म्हणून माझी विनंती आहे की जन्माच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी किंवा नर्सबाईंनी सासूला, नवऱ्याला, आईला एकत्र बसवून हे स्पष्ट बोलावं. पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत दोष गळ्यातून उतरला तर ती बाई पुढची अठरा वर्षं मुलाला घेऊन दवाखान्यात ताठ मानेनं जाते. तो उतरला नाही तर ती मुलाला पदराआड धरते, बारशाला लोक बोलावत नाही, आणि ऑपरेशनची वेळही मागे पडते. दोन्ही तऱ्हेच्या आया मी पाहिल्या आहेत.

ओठ दुभंगलेला असेल तर तो कोणालाही दिसतो. नुसती टाळू उघडी असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. बाळ चांगलं गोरंगोमटं दिसतं, फक्त दूध ओढताना दमतं, नाकातून दूध येतं, वजन भरत नाही. घरचे म्हणतात आईला दूध कमी. त्यामुळे प्रत्येक नवजात बाळाचं तोंड टॉर्च लावून, जीभ दाबून, अगदी पडजिभेपर्यंत बघितलं गेलंच पाहिजे, आणि बघितल्याची खूण केसपेपरवर असली पाहिजे. याला नवं यंत्र लागत नाही.

मग येतं दूध पाजणं. टाळू उघडी असलेल्या बाळाला तोंडात पोकळी बंद करून ओढता येत नाही. आईनं पान्हा काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, नाहीतर दाबता येणाऱ्या मऊ बाटलीनं, बाळाला उभट धरून, थोडं थोडं, मधेमधे ढेकर काढत पाजावं लागतं. हे तोंडी सांगून जमत नाही; कोणीतरी शेजारी बसून दोन-तीन वेळा करून दाखवावं लागतं. आमच्या वेळी एका वयस्क नर्सबाईंनी ते दाखवलं. त्यांची ड्यूटी संपली होती तरी त्या थांबल्या. पण हे एखाद्या चांगल्या माणसाच्या ड्यूटीवर अवलंबून राहू नये, असं मला वाटतं. प्रत्येक प्रसूतीगृहात हे येणारी एक तरी नर्स असावी आणि तिचं नाव भिंतीवर लिहिलेलं असावं.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येते.

ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास करतात. जुना ठोकताळा असा, की बाळ दहा आठवड्यांचं हवं, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलोच्या वर हवं आणि हिमोग्लोबिन दहा ग्रॅम. टाळूचं ऑपरेशन नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे बोलणं फुटायच्या सुमाराला. दोन्ही वेळी पालकांच्या कानावर एकच वाक्य पडतं : वजन वाढवा. ते बरोबरच आहे. अशक्त बाळाला भूल देणं धोक्याचं. पण घरात त्याचा अर्थ काय होतो? दुधात साखर. चमचाभर जास्तच. ग्लुकोजची बिस्किटं कालवून. रात्री झोपेतही बाटली तोंडात, कारण दिवसा पोट भरलं की नाही याची कोणालाच खात्री नसते. आजी म्हणते, खाऊ दे बिचारं, एवढं सोसतंय. ऑपरेशनच्या जागेला धक्का लागेल या भीतीनं बाळाच्या तोंडात कोणी बोट घालत नाही, मग फडक्यानं हिरड्या पुसणं तर दूरच. आणि सगळ्यांचं लक्ष टाक्यांवर असताना वरचे पुढचे दात, येतात तसे, किडायला लागतात.

या मुलांचे दात आधीच नाजूक असतात. फटीच्या शेजारचा दात पुष्कळदा जन्मतःच नसतो, कधी एकाच्या जागी दोन असतात, कधी वाकडा वळून टाळूकडे येतो. त्यावरचं कवच पातळ असतं. शिवलेला ओठ ताठ असतो. तो वर उचलून ब्रश आत घालायला जागा कमी मिळते. म्हणजे ज्यांच्या दातांना सगळ्यांत जास्त जपायला हवं त्यांचेच दात साखरेत बुडवले जातात. घरच्यांना दोष देऊन काय उपयोग? सर्जननं वजनाचं सांगितलं, ते त्यांनी जिवापाड केलं. त्याच वेळी त्यांना दातांचं सांगणारा माणूस तिथं हवा होता, तो नव्हता.

पुढे शाळेत ही मुलं माझ्यासमोर येतात, आणि ज्यांचा ओठ दुभंगलेला नव्हता अशी मुलंही येतात. दोघांच्या तोंडात फारसा फरक नसतो, ही त्याहून वाईट गोष्ट. 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी 51.9 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते, बारा वर्षांच्या मुलांत 53.8 टक्के. माझ्या वर्गातलं चित्र त्याच्याशी जुळतं. मी वर्षातून दोनदा मुलांना व्हरांड्यात उन्हाच्या बाजूला तोंड करून उभं करते आणि तोंड उघडायला सांगते. वरच्या पुढच्या चार दातांच्या जागी काळे कोंब, दाढांत शेंगदाणा बसेल एवढे खड्डे, एखाद्याच्या हिरडीवर पांढरी पुळी. "दुखतं का रे?" विचारलं तर मूल नाही म्हणतं. ते खोटं बोलत नसतं. दुखण्याची त्याला सवय झालेली असते. डबा मात्र ते एकाच बाजूनं चावून खातं, आणि चण्याचा लाडू मिळाला तर खिशात ठेवतं.

पालकांना बोलावलं की उत्तर ठरलेलं : दुधाचेच दात आहेत, पडणारच ना! दातांच्या एका दवाखान्यातही हेच ऐकून एक आई परत आली, आणि नंतर त्याच दाढेनं मुलाचा गाल सुजून तिला रात्री गाडी करून धावावं लागलं. दुधाच्या शेवटच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला जागा राहत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमाराला, दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, एक नवी कायमची दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. तीही दुधाचीच समजली जाते. पहिलीच्या मुलाच्या तोंडात ही दाढ नुकती उगवलेली दिसते, खाचा अजून खोल आणि स्वच्छ. दुसरीच्या शेवटी त्याच खाचा तपकिरी झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्या खाचा वेळेवर बुजवण्याचा पातळ लेप असतो, तो लावायला सुई लागत नाही, दाढ कोरावीही लागत नाही. कीड लागलेल्या दुधाच्या दातांवर कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचं औषध ब्रशनं लावता येतं; दाताला काळा डाग पडतो पण कीड पुढे सरकायची थांबते. जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलेलं आहे. हे दोन्ही शाळेच्या बाकावर बसून करता येण्यासारखं आहे.

दुभंग असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र किडका दात हा नुसता दाताचा प्रश्न राहत नाही, आणि हे बहुतेक पालकांना कोणी सांगितलेलंच नसतं. ओठ आणि टाळू शिवली तरी हिरडीच्या हाडातली फट तशीच राहते. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, बहुतेक वेळा कमरेच्या हाडातला भाग घेऊन ती फट भरतात. डॉक्टर त्याला बोन ग्राफ्ट म्हणतात. याला वेळेचं बंधन असतं. वरचा कायमचा सुळा उगवायच्या आधी ते हाड तिथं बसलं पाहिजे, म्हणजे सुळा त्या हाडातून खाली येतो आणि हाडही टिकवतो. खुंटी ठोकायला आधी भिंत लागते, तसंच हे. वेळ निघून गेल्यावरही शस्त्रक्रिया करतात, पण मग तसा परिणाम मिळत नाही. ग्राफ्टच्या आधी बरेचदा तारा लावून वरचा जबडा रुंद करून घ्यावा लागतो. आणि या सगळ्याची पहिली अट असते स्वच्छ तोंड. शेजारचे दात किडलेले असतील, हिरड्या सुजलेल्या असतील तर नवीन हाडात जंतू शिरायची भीती असते, म्हणून डॉक्टर थांबतात. किडक्या दातांना ताराही लावता येत नाहीत. आधी दात भरून घ्या, म्हणतात. दात भरायच्या तारखा, मग परीक्षा, मग गणपतीची चवथ, मग घरात कोणाचं आजारपण. मूल बारा-तेरा वर्षांचं होतं.

माझ्या मुलीचं ते वेळेवर झालं, कारण मला रजा मिळत होती, दवाखान्यातले कागद मला वाचता येत होते आणि मी प्रश्न विचारायला घाबरत नव्हते. आमच्याच तालुक्यातल्या एका मुलाचं झालं नाही. त्याचे वडील काजूच्या बागेत मजुरी करतात. मुलगा हुशार आहे, फार सुंदर अक्षर आहे त्याचं. ओठाचं आणि टाळूचं ऑपरेशन चोर्ला घाट चढून बेळगावला झालं, मोफत आणि चांगलं झालं. त्यानंतर कोणीच बोलावलं नाही म्हणून कोणी गेलं नाही. त्यांना वाटलं, काम झालं. आता तो दहावीच्या तोंडावर आहे, हसताना ओठावर हात ठेवतो, आणि वरचा जबडा मागे राहिल्यानं त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. वाढ थांबल्यावर त्याला जबड्याचं मोठं ऑपरेशन लागेल, असं आता सांगितलं गेलं आहे.

त्या बेळगावच्या डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. बेळगाव, धारवाड, मंगळूर इथं गोव्यातली मुलं जातात कारण तिथं त्यांना उपचार मिळतात, आणि काही संस्थांच्या मदतीनं मोफत मिळतात. पंढरपूरला जन्मलेले प्लॅस्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून दर वर्षी भारतात येऊन शिबिरं घेत. अपघातानं शरीर अधू झालं, घशाचा कॅन्सर झाला, तरी व्हीलचेअरवरून येऊन ते मुलांचे ओठ शिवत राहिले. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसांनी हजारो मुलांना चेहरा दिला, त्यांचं ऋण फिटणारं नाही. पण शिबिर एका दिवसाचं काम करू शकतं. त्या दिवसानंतरची अठरा वर्षं सांभाळायला मुलाच्या घराजवळची, कायम जागेवर असणारी व्यवस्था लागते आणि ती सरकारच उभारू शकतं. आज एका मुलाचे ऑपरेशनचे कागद बेळगावला, कानाचे मडगावला, एक्स-रे घरी पत्र्याच्या ट्रंकेत आणि पुढची तारीख कोणाच्याच डायरीत नाही, अशी अवस्था असते. वडिलांनी कधीतरी ट्रंक उघडली तर फिल्म चिकटलेली निघते. आपल्याकडचा पाऊस कागदांनाही सोडत नाही.

कानाचा उल्लेख आला म्हणून थोडं सांगते. टाळूचे स्नायू नीट जोडलेले नसले की मधल्या कानात पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. वर्गात असं मूल ऐकत नाही म्हणून ओरडा खातं. बोलण्याचंही तसंच. टाळू नीट बंद होत नसली की हवा नाकातून सुटते आणि ब, प, द, ट, क ही अक्षरं बोथट होतात. 'बाबा' म्हणायला जावं तर ते 'मामा' ऐकू येतं. मुलं हसतात. मूल मग बोलायचंच सोडतं आणि शिक्षक त्याला मंद समजतात. आमच्या डी.एड.च्या अभ्यासात मला याबद्दल कोणी शिकवलं नव्हतं. स्पीच थेरपी ही मूल घरी ज्या भाषेत बोलतं त्या भाषेत व्हायला हवी, मराठीत, कोकणीत, आणि वाळपई, काणकोण, सांगे इथंही महिन्यातून काही दिवस व्हायला हवी. काणकोणातल्या खोतीगावातून सत्तर किलोमीटरच्या वर प्रवास करून अर्ध्या तासाच्या थेरपीसाठी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दर आठवड्याला कोणती मजूर आई जाईल? एक दिवसाचा रोज बुडतो, कदंबाच्या बसेस बदलाव्या लागतात, मागच्या भावंडाला कोणाकडे तरी ठेवावं लागतं.

एवढं असूनही मी निराश होऊन लिहीत नाही, कारण लागणारी बहुतेक सामग्री गोव्यात आधीपासून आहे. बांबोळीच्या पठारावर गोवा मेडिकल कॉलेज आहे, ज्याची परंपरा 1842 पर्यंत मागे जाते. त्याच्या शेजारी 1980 पासूनचं गोवा दंत महाविद्यालय आहे. प्लॅस्टिक सर्जरी, कान-नाक-घसा, बालरोग एका बाजूला. मुलांचे दात, तारा, जबड्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या बाजूला. मधे चालत जाण्याइतकं अंतर. महिन्यातला एक ठरावीक दिवस असा असावा की या सगळ्या विभागांचा एकेक डॉक्टर एकाच खोलीत बसेल, मूल एकदाच तोंड उघडेल आणि सगळे मिळून पुढचं वर्षभराचं ठरवतील. आज तेच मूल वेगवेगळ्या रांगांत तेच तोंड पुन्हा पुन्हा उघडतं आणि प्रत्येक रांगेत आईला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी धरलेली आहे. दुभंग ओठ-टाळू आणि दातांची कीड हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकानं यायचं असतं. त्या तपासणीत तोंड बघितलं जातं तेव्हा ते खरोखर बघितलं जावं, उजेडात, मागच्या दाढांपर्यंत. आणि कीड सापडली तर नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाते, हे मी खात्रीनं सांगू शकते. त्याच दौऱ्यात सहा-सात वर्षांच्या मुलांच्या दाढांना लेप लावणारा दंतवैद्य सोबत असला तर चिठ्ठ्यांची गरजच निम्मी होईल.

शिक्षण खात्यालाही माझी एक विनंती आहे. अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीत, दुपारच्या जेवणानंतर, फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासणं हा रोजचा भाग करावा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, त्याहून मोठ्याला वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण नंतर चूळ भरून ती सगळी धुऊन टाकायची नाही. आम्ही शिक्षक हे करायला तयार आहोत. नळ आणि ब्रश ठेवायला एक जागा द्या. घरी सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसानं घासून द्यायला हवेत, हे पालकसभेत सांगायचं काम आमचं.

दुभंग असलेल्या मुलांसाठी मात्र सांगून भागणार नाही. त्यांच्यासाठी नोंदवही हवी आणि तिच्यामागे माणूस हवा. तो डॉक्टर असण्याची गरज नाही; एखादी अनुभवी नर्स किंवा समाजसेविका हे काम उत्तम करील. तिनं जन्माची खबर आली की आठवड्याच्या आत घरी जावं किंवा फोन करावा. पहिला दात दिसला की, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, मूल दंतवैद्याकडे पोचलं की नाही ते पाहावं. वजन वाढवायला सांगणाऱ्या डॉक्टरांच्याच टेबलावर तूप, नाचणी, अंडं, मासा यांची यादी ठेवावी, म्हणजे साखरेवर येणारा सगळा भार हलका होईल. सातव्या वर्षी एक्स-रेची आठवण करावी. मूल बेळगावला गेलं तर तिथल्या कागदांची प्रत मागवून घ्यावी. एका मुलामागे येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेला रोज देण्याची थोडीशी तरतूद तिच्या हातात असावी. उपचारांचा खर्च उचलणाऱ्या राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर यातलं नेमकं काय बसतं, तारांचा खर्च बसतो का, हे एका पानावर मराठीत आणि कोकणीत लिहून प्रत्येक आईच्या हातात द्यावं. ज्या घरात एक मूल असं झालं आहे तिथं पुढच्या मुलाला हा धोका शंभरात दोन ते पाच असतो. त्या आईला पुढच्या खेपेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड सुरू करण्याबद्दल डॉक्टरांनी बोलावं, हेही त्याच पानावर यावं.

याला किती पैसे लागतील याचा हिशेब आपले अधिकारी माझ्यापेक्षा चांगला मांडतील. एक पगार, एक फोन, एक खोली, महिन्यातला एक दिवस आणि प्रवासभाडं, एवढ्यात बसणारं हे काम आहे, असं मला वाटतं. न केल्याचा खर्च मुलाच्या जबड्यावर आणि वडिलांच्या रोजावर पडतो आहे.

आपण यावर निर्णय घ्याल तेव्हा नोंदवही कोणाकडे असेल त्या व्यक्तीचं पद आणि फोन नंबर जाहीर करा. आमच्या तालुक्यातली अशी मुलं मला माहीत आहेत. त्यांच्या पालकांशी मी बोलले आहे आणि त्यांची नावं द्यायला त्यांची संमती आहे. नंबर कळला की ती यादी मी स्वतः बांबोळीला आणून देते. त्यातलं एक मूल आता आठ वर्षांचं आहे आणि त्याच्या वरच्या दोन दाढा किडलेल्या आहेत, तेव्हा त्याच्यापासून सुरुवात व्हावी.

आपली,
सत्तरीतली एक प्राथमिक शिक्षिका आणि पालक